न्हाणीमागचा धोंडा आणि बोद्रुमचा किल्ला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी मागणी केली होती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार दर्याचे, तेव्हा आता यांपैकी एकात आरमाराचं भव्य संग्रहालय उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. काय काय हवं याची यादीही होती : काचेची कपाटं, गलबतांच्या प्रतिकृती, ध्वनिप्रकाशाचा खेळ, उपाहारगृह. पत्र कळकळीचं होतं. ते वाचून मला आमच्या न्हाणीमागचा धोंडा आठवला आणि धोंड्यावरून तुर्कस्तानातला बोद्रुमचा किल्ला. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच तर किल्ल्याच्या इतिहासाला लावा, धोंड्याला नको.

मी मालवण तालुक्यातला. सारी नोकरी मर्चंट नेव्हीत, इंजिनरूममध्ये गेली. २००३ साली मी एका बल्क कॅरियरवर सेकंड इंजिनीअर होतो आणि तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर गुल्लुक नावाच्या लहानशा बंदरात आम्ही फेल्स्पार भरत होतो. फेल्स्पार म्हणजे फरशा आणि चिनी मातीच्या वस्तूंना लागणारा पांढुरका दगड. तिथून तो इटलीतल्या राव्हेन्नाला जायचा. डेकवर पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ. तीन दिवस ती नाकातोंडात गेल्यावर चौथ्या दिवशी मला आणि आमच्या बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, किनाऱ्यावर जायची परवानगी मिळाली. बोसन दाभोळकडचा खारवी. मला ‘सेकंडसाब’ म्हणायचा आणि पोर्टात उतरला की बाजारापेक्षा मासळीचा धक्का आधी शोधायचा. मिलासमार्गे मिनीबसनं आम्ही बोद्रुमला पोचलो. धक्का सापडला, मासळी संपलेली होती. समोर किल्ला होता, म्हणून किल्ल्यात गेलो. आमचं इतिहासप्रेम एवढंच.

दोन गोल खाडीमुखांच्या मधोमध समुद्रात घुसलेल्या खडकावर हा किल्ला बसलाय. लांबून पाहून बोसन म्हणाला, “साब, जागा बघा कशी निवडलीय. इकडून आला तरी दिसतो, तिकडून आला तरी दिसतो.” बांधणारे होते सेंट जॉनचे नाइट, म्हणजे शस्त्र बाळगणारे ख्रिस्ती संन्यासीच म्हणा. त्यांची गादी समोरच्या ऱ्होड्स बेटावर. मुख्य भूमीवरचं त्यांचं ठाणं स्मर्ना, आजचं इझमीर, १४०२ साली तैमूरलंगानं पाडलं. चार वर्षांपूर्वी दिल्ली लुटून गेलेला तोच हा तैमूर. ठाणं गेल्यावर नाइटांनी त्याच्या बदल्यात बोद्रुमची ही जागा ओटोमन सुलतानाकडून मिळवली आणि पुढची शंभरेक वर्षं बांधकाम चाललं. इंग्रजांचा बुरूज वेगळा, फ्रेंचांचा वेगळा, इटालियनांचा आणि जर्मनांचा आणखी वेगळा. ज्यानं त्यानं आपापली चिन्हं दगडात कोरून भिंतीत बसवली. अशी अडीचशेच्या आसपास चिन्हं आजही दिसतात. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं, तसलाच प्रकार. किल्ल्याला नाव दिलं सेंट पीटरचं, लॅटिनमध्ये पेत्रोनियम, आणि गावाचं बोद्रुम हे नाव त्यावरूनच आलं असं म्हणतात.

पण दगड आणले कुठून? इथे मला थोडं थांबायचंय. कारण किल्ला म्हटलं की आपण लगेच तटाची उंची सांगतो, दगड कुणाचा होता ते विचारत नाही. या गावाचं जुनं नाव हॅलिकार्नासस. इ.स.पूर्व ३५३ मध्ये इथला राजा मॉसोलस वारला. त्याची बायको आर्टेमिसिया. ती त्याची बहीणही होती, त्या घराण्यात ती रीत होती. तिच्या काळात त्याची जी कबर उभी राहिली ती सुमारे ४५ मीटर उंच. जगातल्या सात आश्चर्यांत तिची गणना झाली आणि इंग्रजीत भव्य समाधीला जो शब्द आहे तो याच राजाच्या नावावरून पडला. भूकंपांनी ती कोसळली. मग नाइट आले आणि त्यांना आयती खाण मिळाली. हिरवट दगडाचे चिरे त्यांनी तटात घातले. संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना केला. सात आश्चर्यांतल्या एकाचा चुना! कोरीव लढायांचे काही पट्टे मात्र त्यांना आवडले असावेत. ते त्यांनी शोभेसाठी भिंतीत लावले. १८४६ साली ब्रिटिश राजदूतानं सुलतानाची परवानगी घेऊन ते पट्टे भिंतीतून काढून लंडनला नेले आणि दहाएक वर्षांनी न्यूटन नावाच्या इंग्रजानं कबरीची जागा खणून उरलेले पुतळेही नेले. चोरावर मोर. आज मॉसोलसचा म्हणून ओळखला जाणारा पुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये उभा आहे आणि बोद्रुमला त्याच्या कबरीचा खड्डा उरलाय.

१५२२ मध्ये सुलतान सुलेमाननं ऱ्होड्सला वेढा घातला. ऱ्होड्स पडलं तसा हा किल्लाही न लढता गेला आणि नाइट पुढे माल्टाला जाऊन बसले. त्यांच्या प्रार्थनामंदिराला मिनार चढला, त्याची मशीद झाली. १८९५ पासून किल्ल्याचा तुरुंग. मे १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात एका फ्रेंच युद्धनौकेनं तोफा डागून तो मिनार पाडला. (१९९७ मध्ये तो पुन्हा बांधलाय.) त्या नौकेचं नाव होतं ‘द्युप्ले’. होय, पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युप्ले, शाळेत ज्याला आपण डुप्ले म्हणून पाठ केला, तोच. आपल्या इतिहासातला माणूस कुठे जाऊन तोफ डागेल सांगता येत नाही.

त्यानंतर किल्ला बरीच वर्षं रिकामा होता. आपल्याकडचे किल्ले असतात तसाच : गवत, पाखरं, पडकी छपरं. मी विनंती करतो ती याच्या पुढचा भाग नीट वाचण्याची. रिकाम्या किल्ल्यात संग्रहालय करावं असं तिथे कुणाच्या मनात आधी आलं नाही. आधी समुद्रातून वस्तू आल्या. त्या ठेवायला जागा हवी होती आणि किल्ला मोकळा होता. क्रम असा आहे.

वस्तू आल्या त्या स्पंज काढणाऱ्यांमुळे. बोद्रुम हे पूर्वी स्पंजवाल्यांचं गाव. तळाशी चालत जाऊन खडकावरचा स्पंज कापून आणायचा हा धंदा. डोक्यावर पितळी हेल्मेट, वरून पंपानं हवा. खोल पाण्यातून घाईनं वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे आखडतात, माणूस पांगळा होतो नाहीतर मरतो. गावोगाव असे पांगळे लोक होते. या लोकांना तळ ठाऊक होता, जसा किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आपल्या रापणकरांना किनारा ठाऊक असतो. जुन्या रांजणांचे ढीग कुठे आहेत, जाळं कुठे अडकतं, हे सगळं तोंडपाठ. १९५३ मध्ये तर स्पंज खरवडायच्या जाळ्यात एका देवीचा कांस्याचा अर्धपुतळा वर आला होता.

१९५८ साली पीटर थ्रॉकमॉर्टन नावाचा एक अमेरिकन पत्रकार तिथे आला. तो स्पंजवाल्यांच्या होड्यांवर राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, बुड्या मारल्या. बोलता बोलता केमाल अरास नावाच्या कप्तानानं सांगितलं की गेलिदोन्याच्या भूशिराजवळ तळाशी धातूचे तुकडे एकमेकांना चिकटून पडलेत, सुरुंग लावून भंगारात विकायचा बेत आहे. थ्रॉकमॉर्टननं त्याला थांबवलं. १९६० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयानं जॉर्ज बास या विद्यार्थ्याला पाठवलं. तिशीही न गाठलेला, पाण्याखाली कधी न गेलेला. निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात एका तरणतलावात तो बुडी मारायला शिकला. तोवर पाण्याखालून वस्तू काढायचं काम पाणबुडे करत आणि विद्वान वर होडीत बसून राहत. बासनं ठरवलं, विद्वानानंच खाली जायचं. जमिनीवर उत्खनन करतात तसं तळाशी मापं घेऊन, प्रत्येक वस्तूची जागा कागदावर मांडून, मगच ती उचलायची. असं तळापासून पूर्ण उत्खनन झालेलं हे पहिलं बुडालेलं जहाज. इ.स.पूर्व १२०० च्या सुमाराचं. केमाल कप्तानाचं भंगार ते हेच.

त्यातल्या लगडी, हत्यारं, भांडी ठेवायची कुठे, तर किल्ल्यात. त्यातून साठच्या दशकात संग्रहालय झालं. म्हणजे आपले वाचक जे शेवटी मागतायत ते तिथे शेवटीच आलं, आणि जे आधी झालं ते एका रात्री एका होडीत झालेलं बोलणं होतं.

मी २००३ मध्ये पाहिलं ते थोडं सांगतो. तुम्ही कात्री लावणार असाल तर इथे लावा, पण मला सांगायचा मोह आवरत नाही.

अंगणात दोन कानांच्या रांजणांच्या रांगा. दारू आणि तेल भरून जहाजात रचायची ही भांडी. बूड टोकदार. बोसनचा प्रश्न, “उभी कशी राहायची?” मी म्हटलं, “रचल्यावर एकमेकांना टेकून.” तो म्हणाला, “म्हणजे गणपतीच्या गाडीतल्यासारखी.” मोर हिंडत होते, खालून समुद्राचा आवाज येत होता.

नाइटांच्या प्रार्थनामंदिरात एका सातव्या शतकातल्या जहाजाची पूर्ण आकाराची पिछाडी बांधून ठेवली होती, आत स्वयंपाकाच्या जागेसह. मूळ जहाज यास्सीअदा बेटाजवळ बुडालेलं. त्याच्या तराजूच्या दांडीवर कप्तानाचं नाव कोरलेलं सापडलं : गेओर्गिओस. तो जहाजाचा कप्तानही होता आणि चर्चमधला वडीलधाराही. चौदाशे वर्षांपूर्वीचा माणूस तराजूवर नाव घालून गेला म्हणून आज ठाऊक आहे. आमच्या बंदरात लिलावाच्या काट्यावर अजून नाव घालतात, पण त्यात भलतीच कारणं असतात.

वेगळ्या तिकिटाच्या दालनात इ.स. १०२५ च्या सुमारास सेर्चे लिमानी इथे बुडालेलं जहाज होतं. त्यात तीन टन फुटकी काच. भट्टीत पुन्हा वितळवायला नेत असलेली. म्हणजे भंगारवाल्याचं जहाज. पुरातत्त्ववाल्यांनी ते लाखो तुकडे वर आणून रंगाप्रमाणे, जाडीप्रमाणे वेचले, जुळवले, त्यातून शेकडो भांडी उभी केली. जहाजाचं लाकूडही तिथेच आहे. हजार वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड वर काढून तसंच वाळवलं तर आकसून फाटतं. म्हणून ते आधी गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढतात, मग मेणासारख्या एका रसायनाच्या, पॉलीएथिलीन ग्लायकॉलच्या, टाक्यांत महिनोन्‌महिने मुरवतात. ते रसायन पाण्याची जागा घेतं. हे वाचून मी तिथेच खिशातल्या वहीत लिहून घेतलं. का, ते पुढे येईल.

आणि उलुबुरुन नावाच्या भूशिरापाशी सापडलेलं जहाज. १९८२ साली तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काश गावाजवळ मेहमेत चाकिर नावाच्या एका तरुण स्पंज पाणबुड्यानं आपल्या कप्तानाला सांगितलं, तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ पडलीत. कप्तान चमकला. कारण पुरातत्त्ववाले दरवर्षी स्पंजवाल्यांच्या गावांत जाऊन, चित्रं दाखवून, तांब्याची लगड कशी दिसते ते समजावून सांगत. चार कोपरे ओढून लांबवलेल्या बैलाच्या कातड्यासारखा तिचा आकार. त्या बिस्किटांतून निघालं इ.स.पूर्व १३०० च्या सुमाराचं जहाज. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं काम. ४४ ते ६१ मीटर खोल. एका माणसाला दिवसातून दोन बुड्या, प्रत्येकीत तळाशी वीसेक मिनिटं, कारण त्या खोलीवर जास्त वेळ राहिलं की रक्तात नायट्रोजन साठतो, शिवाय त्याची नशाही चढते. एकूण २२,४१३ बुड्या. मी आयुष्यभर टनेज आणि आरपीएमचे आकडे लिहिले, पण या आकड्यानं मला गप्प केलं.

त्यात दहा टन तांबं, सुमारे एक टन कथील. म्हणजे दहाला एक. कांसं करायचं हेच प्रमाण. आमच्या पंपांच्या बुशमध्येही कथील साधारण एवढंच असतं. मी बोसनला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग साब, तुमचा स्पेअर पार्ट घेऊन चाललं होतं.” शिवाय निळ्या काचेच्या लगडी, आफ्रिकेचं काळं लाकूड, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, शहामृगाची अंडी, बाल्टिकचे अंबर मणी, डाळिंबं, अंजिरं, धणे. सोन्याचा एक भुंग्याच्या आकाराचा ताईत, त्यावर इजिप्तची राणी नेफरतीतीचं नाव. दोन फळ्या हस्तिदंताच्या बिजागरीनं जोडलेली लाकडी पाटी, आत मेण ओतून लिहायची. हिशेबाचीच असणार, जहाजात दुसरं काय लिहितात. पुढे कुठेतरी वाचलं की त्यात उंदराचा जबडाही सापडला आणि तपासाअंती तो उंदीर सीरियाच्या किनाऱ्यावरचा निघाला. बोसन तोवर निवृत्त झाला होता, नाहीतर त्याला फोन केला असता. उंदरांशी त्याचं आयुष्यभराचं वैर.

आता धोंडा.

उलुबुरुनच्या दालनात त्या जहाजाचे दगडी नांगर मांडले होते. एकूण चोवीस सापडले. खाली रुंद, वर निमुळता चिरा आणि वरच्या टोकाला दोर ओवायला एक भोक. लोखंडी नांगर यायच्या आधी जहाज थांबायचं ते अशाच दगडांवर. मी पुढे सरकणार, तेवढ्यात बोसन म्हणाला, “साब, हा तर आपला धोंडा.” तो त्याच्या वाडीतला एक दगड सांगत होता, होडी बांधायला वापरतात तो. मला मात्र आमच्या न्हाणीमागचा दिसला.

आमच्या न्हाणीमागे, फणसाखाली एक लांब दगड आडवा पडलाय. माझी आजी त्यावर धुणं आपटायची, मग आई, मग माझी बायको. उभा केला तर माझ्या नाकापर्यंत येईल. एका टोकाला निमुळता आणि तिथे गोल भोक. दुसऱ्या टोकाकडे दोन चौकोनी आरपार भोकं, पण एक या बाजूनं काढलेलं, दुसरं त्याला आडवं, काटकोनात. लहानपणी आम्ही त्या चौकोनी भोकांत गोट्या लपवायचो. दगड आमच्या जांभ्याचा नाही, हे मला कळायचं, पण विचारलं कधी नाही. आजी म्हणायची, “ह्यो धोंडो आमच्या पणज्यान दर्यातसून हाडल्यान.” दर्यातून दगड कशाला कोण आणेल, असं वाटून आम्ही हसायचो.

बोद्रुमहून परतल्यावर, सुट्टीत, मी गोव्याच्या दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मंडळींचं एक व्याख्यान ऐकायला गेलो. तिथे पडद्यावर माझ्या न्हाणीमागचा दगड दिसला. म्हणजे तो नव्हे, त्याचे भाऊ. वर गोल भोक दोराला, खाली काटकोनातली दोन चौकोनी भोकं लाकडी दांडे घालायला, म्हणजे ते दांडे तळाच्या रेतीत रुतावेत. अरबी समुद्रात व्यापार करणारी जहाजं हे नांगर वापरत. आपल्या किनाऱ्यावर ते सापडलेत. सिंधुदुर्गाजवळ, विजयदुर्गाजवळही दगडी नांगर मिळालेत. याच संस्थेच्या लोकांनी विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालच्या भिंतीचा अभ्यास केला, आणि गोव्यात सुंची रीफवर बुडालेल्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचं उत्खननही. म्हणजे आपल्याकडे बास नाहीत असं नाही. आपल्याकडे केमाल कप्तानाशी रात्री होडीत बसून कुणी बोलत नाही, एवढंच.

बोलत नाही, म्हणजे कसं, ते ऐका. आमच्या बंदरात १२-१३ वर्षांपूर्वी एका ट्रॉलरच्या जाळ्यात लाकडाचा एक वासा आला. हातभर जाड, त्यात तांब्याचे खिळे, हिरवे पडलेले. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माझ्या ओळखीचा. मी धावत गेलो, म्हटलं, उन्हात ठेवू नकोस, पाण्यात बुडवून ठेव. वहीतलं ते रसायनाचं नाव दाखवलं. तो म्हणाला, “काका, पाण्यातून काढलंय ते पुन्हा पाण्यात कशाला?” आणि दुसरं म्हणजे त्याला भीती : कुणी सरकारी माणूस आला तर बोट अडकवेल, हंगाम जाईल. आठ दिवसांत वासा उन्हात तडकून चिरफाळला. खिळे पोरांनी काढून घेतले. उरलेलं लाकूड शिमग्याच्या होळीत गेलं. त्या तांडेलाला मी दोष देत नाही. त्याला दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या : वस्तू ओली ठेवायची, आणि सांगितलं म्हणून बोट अडकणार नाही. दुसरी गोष्ट मीही त्याला खात्रीनं सांगू शकलो नाही.

आपल्या त्या वाचकांनी विजयदुर्गाचं नाव घेतलंय. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या इंग्रजी नौदलानं विजयदुर्गावर तोफा डागल्या तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्याच खाडीत पेटलं. जवळच वाघोटण खाडीत गिऱ्याला आरमाराची गोदी खडकात खोदलेली आहे. त्या गोदीतून जहाजं बाहेर पडली, त्या खाडीत जळाली. आमचे लोक आजही तिथे जाळी टाकतात. जाळं फाटलं की शिव्या घालतात आणि ती जागा लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी टाळतात. त्या टाळलेल्या जागांची यादी विजयदुर्ग, देवगड, मालवणच्या तांडेलांच्या डोक्यात आहे. ती कुणी लिहून घेतली तर काचेची कपाटं नंतर करता येतील. प्रतिकृती तर कुडाळच्या कारागिराकडून कधीही होतील.

माझं म्हणणं असं : पहिल्या वर्षी संग्रहालयाचा एक रुपयाही बांधकामावर खर्च करू नका. एक माणूस नेमा, मालवणी समजणारा, मासे खाणारा, होडीत ओकारी न येणारा. त्यानं रत्नागिरी ते वेंगुर्ला बंदरोबंदरी जावं. बरोबर दगडी नांगराची, जुन्या खिळ्याची, तोफगोळ्याची चित्रं न्यावीत, जसं उलुबुरुनच्या आधी त्यांनी केलं. प्रत्येक बंदरात मीठ नसलेल्या पाण्याची एक टाकी ठेवावी, झाकण असलेली, जाळ्यात आलेलं लाकूड-लोखंड थेट त्यात टाकायला. आणि एक लेखी कागद द्यावा की सांगणाऱ्याची बोट, जाळं, मासळी याला हात लागणार नाही. स्पंजवाल्यांनी आपलं गुपित सांगितलं, कारण ऐकणारा त्यांच्याच ताटात जेवत होता.

बोद्रुमच्या संग्रहालयाचं सगळंच गुणगान करायचं नाही. तिथल्या तळघरातल्या तुरुंगाच्या जिन्यावर नाइटांनी लॅटिनमध्ये कोरलंय की इथे देव नाही. पर्यटक तिथे हसत फोटो काढतात. मलाही एक काढायला लावला बोसननं. आणि सात आश्चर्यांपैकी एका आश्चर्याचा चुना करून बांधलेली भिंत मी अजून विसरलेलो नाही. पण त्या भिंतीआत केमाल कप्तान आणि मेहमेत चाकिर यांची नावं आहेत, राजाराणीच्या नावांशेजारी. आमच्या पणज्याचं नाव आजीलाही ठाऊक नव्हतं.

धोंड्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. २००८ साली मी एका कचेरीत अर्ज दिला : फोटो, मापं, तीन भोकांची आकृती, इंजिनीअरला जमेल तशी. तिथल्या साहेबांनी आदरानं बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, पाहणीला येऊ, तोवर दगड हलवू नका. मी हलवला नाही. बायकोनं धुण्यासाठी दुसरा दगड आणवला आणि महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. २०१४ मध्ये नवी न्हाणी बांधली तेव्हा सांडपाण्याची नळी धोंड्याला वळसा घालून न्यावी लागली. गवंड्यानं त्याचे जादा पैसे लावले. साहेबांची दोनदा बदली होऊन ते निवृत्तही झाले असतील. धोंडा तिथेच आहे.

आता वॉशिंग मशीन आलंय, त्यामुळे त्यावर कुणी काही आपटत नाही. उन्हाळ्यात नातू त्याच्या चौकोनी भोकात गोट्या लपवतो. कुणाला मोजायला यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत यावं, नंतर तिथे ऊन येतं. टेप मोठा आणावा, माझा दीड मीटरवर तुटलाय.

आपला,
मालवण तालुक्यातला एक निवृत्त चीफ इंजिनीअर
(कृपया नाव छापू नये. धोंडा चोरीला गेला तर बायको मलाच बोलेल.)